फोंड्याचा कोट आणि अंत्रुजची देवालये

गोमंतकात अंत्रुज महालाची ओळख देवभूमी म्हणून आहे. मंगेशी, म्हार्दोळ, बांदिवडे, कवळे, रामनाथी, नागेशी ही नावे उच्चारताच भाविकांच्या मनात दीपस्तंभ, तळ्यांचे शांत पाणी, अग्रशाळांच्या ओसऱ्या आणि पोफळीच्या कुळागरांची थंड सावली उभी राहते. या चित्रात किल्ला कोठेच नसतो. वस्तुतः या देवालयांच्या परिसरातच, फोंड्याच्या टेकडीवर, दोनशे वर्षांहून अधिक काळ एक कोट उभा होता. आणि तो कोणाच्या ताब्यात आहे यावर देवालयांचे भवितव्य फार मोठ्या प्रमाणात अवलंबून होते. लोकांच्या तोंडी तो फोंड्याचा कोट होता. मराठ्यांच्या अमदानीत पुढे त्यास मर्दनगड हे नाव मिळाले. देवालयांचा इतिहास सांगताना या कोटाचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकण्यात येतो. तो यापेक्षा अधिक विस्ताराने होणे अगत्याचे आहे.

प्रथम भूमीची रचना ध्यानी घ्यावी लागेल. अंत्रुज महालाच्या उत्तरेस मांडवी व दक्षिणेस जुवारी. पश्चिमेस कुंभारजुव्याचे पात्र, आणि त्यापलीकडे तिसवाडी बेट. जुवारी ओलांडली की साष्टी. पूर्वेकडे जमीन हळूहळू चढत सह्याद्रीच्या पायथ्याशी भिडते, आणि घाटावरून उतरणारे तांडे याच बाजूने गोव्याच्या दिशेने येत. म्हणजे पश्चिमेकडून आणि दक्षिणेकडून पाण्याचा अडसर, पूर्वेकडून घाटाची वाट, आणि या दोहोंच्या मध्ये फोंडे. नदी ओलांडून आलेल्या फौजेस फोंडे घेतल्यावाचून पुढे सरकता येत नसे. घाट उतरून आलेल्या फौजेसही फोंडे टाळून तिसवाडीच्या तोंडाशी जाता येत नसे. कोट तेथे का बांधला गेला याचे उत्तर नकाशातच आहे.

इ. स. १५१० च्या नोव्हेंबरात आफोंस द आल्बुकेर्कने तिसवाडी कायमची जिंकली. बारदेश व साष्टी हे महाल १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. अंत्रुज मात्र विजापूरच्या आदिलशाहीकडेच राहिले. तिसवाडीतील देवळांवर १५४० मध्ये घाला पडला, पुढे देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले, आणि १५६७ मध्ये रायतूरच्या कोटाचा कप्तान दियोगु रॉद्रिगिश याने साष्टीतील देवालयांचा विध्वंस केला. तत्पूर्वीच, १५६० पासूनच्या त्या काही भीषण वर्षांत, महाजनांनी आपापली दैवते नदीपार हलविण्यास प्रारंभ केला होता. कुशस्थळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला, केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास, लोटलीचा श्रीरामनाथ व कोलव्याची श्रीमहालक्ष्मी बांदिवड्यास, राययची श्रीकामाक्षी शिरोड्यास. बांदिवड्याचा श्रीनागेश तेवढा मूळचा तेथलाच. त्याच्या देवालयातील शिलालेख इ. स. १४१३ चा आहे. बाकीच्या देवता तेथे पाहुण्या म्हणून आल्या आणि पुढे घरच्या झाल्या.

येथे एका समजुतीचा परामर्श घेणे आवश्यक आहे. उत्सवप्रसंगी होणाऱ्या भाषणांतून, क्वचित लिखाणांतूनही, असे सांगितले जाते की देवता मराठ्यांच्या राज्यात आश्रयास आल्या. भावना योग्य असली तरी कालगणना तिला साथ देत नाही. देवता आल्या त्या १५६० च्या सुमारास. शिवछत्रपतींचा जन्म १६३० चा, आणि फोंड्याचा कोट त्यांच्या हाती आला १६७५ मध्ये. मधली एकशे दहा-पंधरा वर्षे टेकडीवरील कोटात विजापूरचा किल्लेदार होता, त्याची शिबंदी आदिलशाही होती. नदीच्या एका तीरावर मूर्तिभंजन चालू असता दुसऱ्या तीरावरील मुसलमान सत्तेने ह्या मूर्तींना जागा नाकारली नाही, ही गोष्ट मान्य करण्यात कोणत्याही महाजनास कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

त्यामागे केवळ औदार्य होते असेही समजू नये. पोर्तुगीज हे विजापूरचे शत्रू होते. अली आदिलशहाने १५७० मध्ये गोव्याला प्रचंड वेढा घातला होता आणि तो निष्फळ होऊन १५७१ मध्ये तह करावा लागला. शत्रूच्या मुलखातून उठून आलेली रयत म्हणजे शेतीला हात, कुळागरांना पाणी आणि सरकारात सारा. गावचा कारभार पाहणारे देसाई, कुळकर्णी हे बहुशः हिंदूच होते. अशा परिस्थितीत आलेल्यांना बसू देणे हे राज्याच्या हिताचेच होते. हिताचा हिशेब असो वा उदारता असो, देवतांना छप्पर मिळाले.

फोंड्यातच त्या काळाची एक साक्ष उभी आहे. साफा मशीद अली आदिलशहाच्या कारकीर्दीत इ. स. १५६० च्या सुमारास बांधली गेली, म्हणजे देवतांच्या स्थलांतराच्या त्याच काळात. तिच्या शेजारी जांभ्या दगडाची चौकोनी तळी आहे. तळीच्या आतल्या भिंतीत कमानींचे कोनाडे काढले आहेत आणि पाण्यापर्यंत पायऱ्या उतरतात. आदिलशाही गवंड्यांना जांभा दगड कसा वाकविता येत होता, हे पाहण्यास ही तळी पुरेशी आहे. फोंड्याचा कोट कोणत्या हातांनी आणि कोणत्या सामग्रीने बांधला असेल याची कल्पना करावयाची तर तळीच्या काठी जरा वेळ उभे राहावे.

जांभा हा कोकण-गोमंतकातील बांधकामाचा प्राण आहे. जमिनीत असताना तो इतका मऊ असतो की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे तासता येतात. उघड्यावर, वाऱ्यात आणि उन्हात राहिला की तो घट्ट होत जातो. घाटावरील किल्ल्यांना निसर्गाने ताशीव कडे दिले आहेत. देवगिरी, रायगड, पन्हाळा यांच्या कड्यांपुढे माणसाने बांधलेला तट दुय्यम ठरतो. कोकणपट्टीतील टेकड्यांचे तसे नाही. त्या बुटक्या, माथ्यावर सपाट आणि बाजूंनी उतरत्या. येथे संरक्षण जे काही असेल ते बांधूनच मिळवावे लागे. म्हणून अशा कोटांची रचना ठरल्यासारखी असे. सड्याच्या कडेने जाड तट, कोपऱ्यांवर बुरूज, आणि तटाबाहेर खंदक. खंदक खणताना निघालेले चिरेच तटात बसत, त्यामुळे दगड दुरून आणण्याचा खर्च वाचे आणि एकाच श्रमात दोन कामे होत. शिंपल्यांच्या चुन्यात बसविलेला जांभ्याचा जाड तट तोफेच्या गोळ्याने एकदम फुटत नाही. दगड छिद्रमय असल्याने गोळा त्यात रुततो, धक्का तेथल्या तेथे जिरतो. कठीण पाषाणाला तडे जातात, जांभा भुगा होतो. एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा मारा करीत राहिल्यावाचून त्यास भगदाड पडत नाही.

या दगडाची आणखी एक करामत देवालयांशी निगडित आहे. पावसाळ्यात सड्यावर पडलेले पाणी जांभ्यात मुरते आणि टेकडीच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. म्हणून माथा ओसाड आणि पायथा हिरवागार असे अंत्रुजचे दृश्य सर्वत्र दिसते. कोट माथ्यावर गेला, देवालये पायथ्याच्या खोलगट जागी वसली, आणि झऱ्यांचे पाणी देवाच्या तळीतून कुळागरात उतरले. मंगेशीची तळी हा त्या देवालयाचा सर्वांत जुना भाग मानला जातो. खडक एकच, वरच्या बाजूस त्याने तोफा झेलल्या, खालच्या बाजूस अभिषेकाचे पाणी पुरविले.

फोंड्याच्या कोटाकडे शिवाजी महाराजांची दृष्टी पुष्कळ आधीपासून होती. १६६६ मध्ये मराठ्यांनी त्यास एकदा वेढा घातला होता. विजापूरहून कुमक आल्याने तो उठवावा लागला. १६६७ मध्ये मराठे बारदेशात उतरले, १६६८ च्या नोव्हेंबरात महाराजांनी नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार सुरू करविला. नार्वे मराठ्यांच्या अंमलात होते, अंत्रुज नव्हते. दक्षिण कोकण आणि कारवारची किनारपट्टी हाती घ्यावयाची तर हा मधला दरवाजा उघडणे भाग होते.

राज्याभिषेकानंतरच्याच वर्षी, १६७५ च्या एप्रिल महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, महाराज स्वतः फोंड्यापुढे येऊन बसले. किल्लेदार महंमदखान कडवा होता. तोफांनी भागेना तेव्हा सुरुंगांचे काम हाती घेण्यात आले. तटाखाली चार सुरुंग खणले गेले. शिवाय तटापासून अवघ्या बारा फुटांवर मराठ्यांनी मातीची भिंत उभी केली आणि तिच्या आडोशाला माणसे बसविली. ही युक्ती बारकाईने समजून घेण्यासारखी आहे. तटावरील तोफ दूरवर मारा करण्यासाठी असते. तिचे तोंड एका मर्यादेपलीकडे खाली झुकविता येत नाही. तटाच्या पायाशी इतक्या जवळ चिकटलेल्या माणसावर वरून बंदूक किंवा दगड एवढेच चालणार, आणि त्यास मातीची भिंत पुरेशी. जो जांभा खाणीत कुऱ्हाडीने तासता येतो, तो भुयार खणणाऱ्यासही फार अडवीत नसावा. ज्या गुणामुळे कोट स्वस्तात बांधला गेला, तोच गुण सुरुंग लावणाऱ्यांच्या कामी आला असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

त्या काळातील इंग्रज व्यापाऱ्यांच्या पत्रव्यवहारात या वेढ्याची बातमी आली आहे. महाराजांनी पाचशे शिड्या करविल्या, आणि तट चढणाऱ्यांना देण्यासाठी प्रत्येकी अर्धा शेर वजनाची पाचशे सोन्याची कडी घडविली, असे त्यांच्या कानी आले होते. बातमीत थोडीफार भर पडली असेल. व्यापाऱ्यांच्या कानांना सोन्याचे वजन जरा जास्तच ऐकू येते. तरी कोट घेण्याचा निश्चय किती दृढ होता हे त्यावरून कळते.

वेढ्यातील सर्वांत विलक्षण गोष्ट पोर्तुगिजांनी केली. फोंडे पडले तर शिवाजी महाराज आपल्या वेशीवर येतील या भयाने त्यांनी किल्लेदाराला गुपचूप मदत पाठविली. धान्य आणि माणसे घेऊन निघालेल्या होड्या मराठ्यांनी वाटेतच पकडल्या, आणि विजरईने, म्हणजे लुईश द मेंदोंस फुर्तादु याने, या प्रकरणाशी आपला संबंध नाही असे कानांवर हात ठेवून सांगितले. शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्या भीतीने देवता नदीपार पळाल्या, तेच आता त्या देवतांच्या शेजारचा आदिलशाही कोट टिकावा म्हणून धान्य पाठवीत होते. राजकारणात कोण कोणाच्या बाजूस उभा राहील याचा नेम नसतो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कोट पडला. किल्ल्यातील बहुतेक शिबंदी कापली गेली; महंमदखान आणि त्याच्याबरोबरचे मोजके लोक तेवढे वाचले, तेही आसपासची विजापुरी ठाणी मराठ्यांच्या हवाली करून देण्याच्या बोलीवर. त्यापुढे काही आठवड्यांतच अंकोले, शिवेश्वर, कारवार ही ठाणी मराठ्यांकडे आली. अंत्रुजच्या देवालयांच्या दृष्टीने पाहता सत्ता बदलली, आणि या वेळी प्रथमच टेकडीवरचा धनी व पायथ्याशी असलेला देव एका धर्माचे झाले.

या नव्या स्थितीची कसोटी आठच वर्षांत लागली. १६८३ च्या पावसाळ्यात संभाजी महाराजांनी चौलला वेढा घातला होता. तो सैल पडावा म्हणून विजरई फ्रांसिस्कु द तावोर, कोंद द आल्व्होर, याने नोव्हेंबरच्या आरंभी फौज घेऊन अंत्रुजमध्ये प्रवेश केला आणि फोंड्याच्या कोटावर तोफा रोखल्या. किल्ल्यात येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी होते. येसाजी हे शिवछत्रपतींच्या प्रथमपासूनच्या साथीदारांपैकी एक, त्या वेळी वयोवृद्ध. तोफांच्या माऱ्याने तटाला भगदाड पडले. आत शिरण्याचा प्रयत्न झाला, तो परतवला गेला. कृष्णाजी जबर जखमी झाला आणि त्या जखमांनीच पुढे त्याचा अंत झाला.

इतक्यात राजापुराकडून संभाजी महाराज स्वतः धावून आले, आणि वेढा घालून बसलेल्या शत्रूच्या डोळ्यांदेखत कुमक कोटात शिरली. विजरईचा धीर सुटला. तोफा आणि सामान यांची आवराआवर करण्यासही पुरता वेळ न घेता त्याने दुर्भाटाच्या दिशेने माघार घेतली; वाटेत मराठ्यांनी त्याच्या सैन्याची दाणादाण उडविली. दहा-बारा दिवसांत सारे आटोपले. त्याच महिन्याच्या अखेरीस एका रात्री मराठ्यांनी तिसवाडीला लागून असलेले जुवे बेट घेतले. ते परत मिळविण्यासाठी गेलेला विजरई जखमी होऊन परतला. गोवे शहराला आता धोका उरला नाही असे म्हणण्यासारखी स्थिती नव्हती. तेव्हा विजरईने बॉम जेझुस चर्चमधील फ्रांसिस झेवियरच्या शवपेटीपाशी जाऊन आपला अधिकारदंड तेथे ठेवला आणि राज्याचे रक्षण संताच्या हाती सोपविले. पुढे जानेवारी १६८४ मध्ये औरंगजेबाचा मुलगा शाह आलम मोठ्या फौजेसह घाट उतरून आला, म्हणून मराठ्यांना मागे सरावे लागले आणि गोवे वाचले.

या प्रसंगातून कोटाचे खरे कार्य ध्यानात येते. तट भेदला गेला होता. किल्ला जर आणखी आठवडाभर एकाकी राहिला असता तर तो पडलाच असता. परंतु लहान कोटाकडून कोणी अजिंक्यतेची अपेक्षा करीतच नाही. मदत येईपर्यंतचे दिवस मिळवून देणे एवढेच त्याचे काम असते, आणि फोंड्याने ते दिवस मिळवून दिले. कोंद द आल्व्होर जर त्या नोव्हेंबरात फोंड्यात स्थिरावला असता, तर मंगेशी व म्हार्दोळ त्याच्या छावणीपासून घटका-दोन घटकांच्या वाटेवर होती. साष्टीत १५६७ मध्ये जे घडले त्याची आठवण तेव्हा महाजनांच्या घरांत पुसली गेलेली नव्हती. कृष्णाजी कंकाचे नाव अंत्रुजच्या देवालयांतून फारसे घेतले जात नाही, ते घेतले जावे.

संभाजी महाराजांच्या काळातील मराठी अंमलाची खूण फोंडे महालातच सापडली आहे. हडकोळणचा १६८८ चा मराठी शिलालेख एका करातून लोकांची सुटका केल्याचे सांगतो. लढाईच्या धामधुमीतही महालाचा कारभार चालू होता आणि रयतेच्या अर्जाची दखल घेतली जात होती, असा त्याचा अर्थ. पुढच्याच वर्षी संभाजी महाराजांचा वध झाला, कोकणपट्टीत मोगल आले, आणि काही काळाने अंत्रुज सोंद्याच्या राजांकडे गेले. सोंदेकर हे लिंगायत. देवालयांना त्यांचा उपसर्ग झाला नाही.

अठराव्या शतकाचा पूर्वार्ध हा अंत्रुजच्या वास्तूंच्या दृष्टीने फार महत्त्वाचा. आज आपण पाहतो ती घुमट, उतरती छपरे, सभामंडप आणि दीपस्तंभ यांनी नटलेली मोठी देवालये बहुतांशी याच काळापासून उभी राहिली. पळून आलेल्या देवतेला प्रथम साधे छप्पर मिळाले होते. ज्यांना पुन्हा एकदा मूर्ती उचलून पळावे लागेल असे वाटत असते ते घुमट बांधीत नाहीत. कवळ्याचे देवालय छत्रपती शाहूंचे मंत्री नारोराम यांच्या साहाय्याने १७३८ च्या सुमारास उभे राहिले. १७३९ मध्ये मंगेशी गाव पेशव्यांनी श्रीमंगेशाला इनाम दिला, आणि त्यामागे रामचंद्र मल्हार सुखटणकर यांची खटपट होती. सारस्वत मुत्सद्दी सातारा-पुण्याच्या दरबारात वजन राखून होते, त्याचे फळ अंत्रुजला मिळाले. त्याच १७३९ च्या सुमारास व्यंकटराव घोरपडे यांच्या स्वारीत मराठे साष्टीत मडगावपर्यंत पोचले, फोंड्याचा कोटही त्यांच्याकडे आला. इनामाचा कागद आणि कोटाचा ताबा या दोन्ही गोष्टी एकाच वर्षाच्या मागेपुढे याव्यात हा केवळ योगायोग मानता येत नाही.

यानंतर सोंदेकर, मराठे व पोर्तुगीज या तिघांत मर्दनगडाची ओढाताण सुरू झाली. तिचे सर्व तपशील येथे देण्याचे प्रयोजन नाही. एक प्रसंग मात्र वगळता येत नाही. १७५६ मध्ये मर्दनगड मराठ्यांकडे असता विजरई लुईश मास्करेन्यश, कोंद द आल्व्ह, याने ऐन पावसाळ्यात त्यावर चाल केली. २८ जून रोजी झालेल्या लढाईत विजरई स्वतः ठार झाला आणि त्याच्या सैन्याची पांगापांग झाली. नावांच्या सारखेपणामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. म्हणून स्पष्ट सांगावयास हवे की १६८३ मध्ये पळालेला तो आल्व्होर आणि १७५६ मध्ये पडलेला तो आल्व्ह. त्र्याहत्तर वर्षांच्या अंतराने दोन विजरई या एका लहान टेकडीवर आपटले, एकाने अब्रू घालविली, दुसऱ्याने प्राण.

मात्र शेवट पोर्तुगिजांच्याच पारड्यात पडला, आणि तो लढाईने पडला नाही. १७६३ मध्ये हैदरअलीने बिदनूर घेतले व नंतर सोंद्यावर फौज पाठविली. सोंद्याचा राजा राज्य सोडून गोव्याच्या आश्रयास आला. याच वर्षी विजरई कोंद द एग याच्या कारकीर्दीत पोर्तुगिजांनी फोंडे ताब्यात घेतले, आणि राजाचा दक्षिणेकडील मुलूखही त्यांच्या हाती गेला. १७९१ च्या तहाने या ताब्यावर शिक्कामोर्तब झाले. राजघराणे बांदिवड्यास राहिले. दोनशे वर्षांपूर्वी ज्या गावी देव निर्वासित होऊन आले होते, त्याच गावी आता राजाही तसाच आला.

महाजनांच्या मनात त्या वर्षी काय चालले असेल? ज्या सत्तेपासून पूर्वज दूर पळाले, ती सत्ता अखेर देवाच्या दारात आली होती आणि आता पलीकडे नेण्यास नदी उरली नव्हती. परंतु १७६३ चे पोर्तुगाल १५६७ चे नव्हते. नव्या मुलखाची रयत बिथरून उठून गेली तर शेते पडीक राहतील, सोंद्याच्या मुलखावर मराठ्यांचा व हैदराचा डोळा आहे, हे विजरईला कळत होते. म्हणून अंत्रुजच्या लोकांना जाहीरनाम्याने वचन देण्यात आले की त्यांच्या धर्माचरणात, देवालयांत व पूर्वापार रूढींत हस्तक्षेप होणार नाही. हे वचन नव्या काबिजादींत सामान्यतः पाळले गेले. साष्टीत एकही जुने देवालय उभे राहिले नाही आणि अंत्रुजमध्ये एवढी राहिली, यातील फरक त्या दोनशे वर्षांच्या अंतराचा आहे. त्या अंतराचा बराचसा भाग फोंड्याच्या कोटाने मिळवून दिला होता. कधी विजापूरच्या निशाणाखाली, कधी भगव्याखाली, कधी सोंदेकरांच्या.

सरहद्द पूर्वेला सरकली तसे कोटाचे कामही संपले. दोन्ही बाजूंना एकच राज्य असता मधल्या दरवाजाला पहारा कोण ठेवील? जांभ्याचा कोट ओस पडला की त्यावर पावसाळे आपले काम करतात. चुना धुपतो, फटींतून झाडे उगवतात, आणि तयार चिरे आयते मिळत असता नवीन खाण कोणी उघडीत नाही. फर्मागुडीच्या टेकडीवर पुढे शिवछत्रपतींचे स्मारक झाले, तेथेच श्रीगोपाळ गणपतीचे देवालय १९६६ मध्ये दयानंद बांदोडकर यांनी बांधविले. वाटसरू तेथे थांबून नमस्कार करतात. मूळ कोटाचा तट, त्यातील भगदाड, बारा फुटांवरची ती मातीची भिंत, यांतील काहीही दृष्टीस पडत नाही. साफा मशिदीची तळी तेवढी शाबूत आहे.

कोटाची जागा पुढे कागदाने घेतली. देवस्थानांच्या कारभारासाठी १८८६ मध्ये सरकारने महाजनकीचे नियम केले. १९३३ मध्ये त्यांची जागा नव्या कायद्याने घेतली, आणि गोवा मुक्त झाल्यावरही देवस्थानांचा कारभार त्याच चौकटीत चालू राहिला. त्या नियमांनुसार प्रत्येक देवस्थानात महाजनांची नोंदवही ठेवावी लागते. अंत्रुजमधील कोणत्याही मोठ्या देवस्थानाची नोंदवही उघडून पाहावी. देवालय कवळ्याचे, म्हार्दोळचे किंवा रामनाथीचे. आणि नावांच्या रकान्यात केळोशीकर, वेर्णेकर, लोटलीकर, अशी जुवारीच्या पलीकडील गावांची नावे.